यंत्रमानवाच्या तारांचे जोड

छंद म्हणून लहानसे यंत्रमानव बनविणारी मुले-मुली आता गावोगावच्या शाळा-कॉलेजांत दिसू लागली आहेत. या छंदाशी नभोवाणीचेही थोडे नाते आहे. आशिया-पॅसिफिक विभागातल्या नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांची एक संघटना आहे. तिने २००२ साली टोकिओत ‘रोबोकॉन’ नावाची विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू केली, आणि या स्पर्धेचा आंतरराष्ट्रीय सामना २००८ व २०१४ असा दोनदा आपल्या पुण्यात झाला. तेव्हा आजचा विषय तुम्ही अगदीच परका मानू नये.

विषय तसा लहानच आहे. मोटरची तार बॅटरीला जोडायची, ती कशाने? मी गणिताचा अध्यापक. पण आमच्या कॉलेजातल्या यंत्रमानव-मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, म्हणून हा प्रश्न दरवर्षी माझ्यापुढे येतो. मुले मोटर निवडताना आठ दिवस खल करतात, बॅटरीसाठी वर्गणी काढतात, चाके घासून-पुसून बसवितात. आणि जोडाची आठवण होते ती स्पर्धेच्या आदल्या रात्री. मग घरात सापडेल ती पिन, उरलासुरला स्क्रू-कनेक्टर, नाहीतर दोन तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी! हत्ती गेला आणि शेपूट राहिले म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पण इथे शेपटाला आग लागू शकते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

जोड निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो असा : या जोडातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाणार? ‘बसतो का?’ हा प्रश्न नंतरचा. मोटर सुरळीत फिरत असते तेव्हा ती थोडाच प्रवाह घेते. पण ती सुरू होताना, किंवा चाक कशात अडकून जाम झाले म्हणजे, तिचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. हा जाम-प्रवाह काढायला मोठे ज्ञान लागत नाही. मल्टिमीटरने मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोजा. मोटरचा दांडा हाताने थोडाथोडा फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, आणि सर्वांत कमी आकडा धरा. मीटरच्या स्वतःच्या तारांचाही थोडा रोध असतो. दोन टोके एकमेकांना टेकवून तो पाहा आणि वजा करा. मग बॅटरीच्या व्होल्टला या आकड्याने भागा, की झाले.

उदाहरण घेऊ. तीन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी, जिला मुले ‘लायपो’ म्हणतात, ती पूर्ण भरली असता १२.६ व्होल्ट देते. मोटरचा रोध १.५ ओहम भरला, तर जाम-प्रवाह झाला ८.४ अँपिअर. चार मोटरी एकदम अडल्या तर सुमारे ३४ अँपिअर. प्रत्यक्षात बॅटरीचा व तारांचा रोध मध्ये येतो, म्हणून आकडा थोडा कमी होईल. पण हिशेब याच आकड्यावर करावा. एरवी हीच मोटर अँपिअर-दीड अँपिअरवर सुखाने चालते, आणि पुष्कळजण फसतात ते इथेच.

फसल्यावर काय होते? कुठल्याही जोडात, तो कितीही चांगला असला तरी, थोडा रोध असतोच. त्या रोधात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, एका ढिल्या जोडाचा रोध २० मिलीओहम आहे. २ अँपिअर प्रवाहाला त्यात ०.०८ वॅट उष्णता होईल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. प्रवाह दसपट, म्हणजे २० अँपिअर झाला, की उष्णता शंभरपट : ८ वॅट. आपण डाख देण्यासाठी जी २५ वॅटची सोल्डरिंग इस्तरी वापरतो, तिच्या जवळजवळ एक-तृतीयांश उष्णता बोराएवढ्या जागेत कोंडली गेली! मग प्लॅस्टिक मऊ पडते, पकड आणखी ढिली होते, रोध वाढतो, आणि उष्णताही वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले म्हणजे जोड वितळूनच थांबते.

आता बाजारात चला. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. तिथे गेल्यावर मुले म्हणतात, “जेएसटी द्या.” आता ‘जेएसटी’ म्हणजे ‘जपान सोल्डरलेस टर्मिनल’ ही १९५७ साली स्थापन झालेली जपानी कंपनी. तिचे जोड शेकडो जातींचे आहेत. नुसते “टाटा द्या” म्हटले तर दुकानदाराने मीठ द्यावे की ट्रक? म्हणून जात सांगावी. ‘एक्सएच’ जातीत दोन पिनांमधले अंतर २.५ मिलिमीटर असते आणि तो ३ अँपिअरपर्यंतचा. ‘पीएच’मध्ये अंतर २ मिलिमीटर आणि प्रवाह २ अँपिअर. विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या ‘ड्यूपाँट’ तारांत हेच अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग, असते. २.५ आणि २.५४ यांत फरक तो काय? दोन पिनांना काहीच जाणवत नाही. पण दहा पिनांच्या ओळीत तो साठत साठत ०.३६ मिलिमीटर होतो आणि शेवटची पिन वाकडी शिरते. शिवाय ड्यूपाँटला खटका नाही. यंत्रमानव दोनदा आपटला की ती तार अलगद निसटते. टेबलावर प्रयोग करायला ती उत्तम. मैदानात तिच्यावर विसंबू नये.

हे सारे जोड संदेशाच्या तारांसाठी, सेन्सरसाठी. मोटर आणि बॅटरीसाठी वेगळे कूळ लागते. सध्या रूढ आहेत ते ‘एक्सटी’ कुळातले पिवळे जोड : एक्सटी-३०, एक्सटी-६०, एक्सटी-९०. नावातला आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तो आकडा क्षणभर सोसण्याचा आहे. उत्पादकाच्या तक्त्यात एक्सटी-६०ला सतत वाहण्यासाठी ३० अँपिअर दिले आहेत, आणि एक्सटी-३०ला १५. आपल्या उदाहरणात प्रत्येक मोटरला एक्सटी-३० आणि बॅटरीला एक्सटी-६० चोख बसेल. बाजारात यांच्या नकलाही पुष्कळ मिळतात. त्यांचे पिवळे घर हलक्या प्लॅस्टिकचे असते आणि डाख देतानाच पिना वाकड्या होतात. चार रुपये वाचविण्याची ही जागा नव्हे.

बॅटरीचा जोड निवडताना प्रवाहाखेरीज आणखी दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे तो उलटा बसता कामा नये. मोटरच्या तारा उलट झाल्या तर चाक उलटे फिरेल, एवढेच. पण बॅटरी उलटी लागली तर मोटर-ड्रायव्हर क्षणात जळतो. एक्सटी जोडाचे एका बाजूचे कोपरे छाटलेले असतात आणि अंगावर अधिक-उणे कोरलेले असते, ते यासाठीच. दुसरी गोष्ट अशी, की बॅटरीकडे नेहमी सॉकेटचा भाग असावा, ज्यातला धातू प्लॅस्टिकच्या आत दडलेला असतो. उघड्या पिना बॅटरीवर ठेवल्या आणि बॅटरी पिशवीत किल्ल्यांबरोबर पडली, म्हणजे काय होईल? २२०० मिलिअँपिअर-तासांच्या, ‘२५ सी’ लिहिलेल्या लायपोला ५५ अँपिअरपर्यंत प्रवाह सतत देता येतो, असा त्या लिखाणाचा अर्थ आहे. दोन टोके एकमेकांना थेट भिडली तर ती त्याहून जास्त ओतते. किल्ली लाल होते, बॅटरी फुगते, पेट घेते. आणि ही आग भांडेभर पाण्याने शमणारी नसते.

त्याचसाठी एक नियम भिंतीवर लिहून ठेवा : बॅटरीच्या दोन तारा एकाच वेळी कधीही कापू नयेत. कात्रीचे पाते स्वतःच दोन्ही तारा जोडून टाकते. एक तार कापा, तिला डाख द्या, वर आवरणाची नळी चढवा, आणि मगच दुसरीला हात लावा. बॅटरीजवळ अधिक तारेवर, मोटारगाडीत असतो तसला चपटा फ्यूज बसविला तर फारच उत्तम. बॅटरीला एक छोटा पांढरा जोडही असतो, तीन घटांना चार पिनांचा. तो भरताना घट समपातळीत ठेवण्यासाठी. त्यातून मोटर चालवू नये.

जोड चांगला निवडला तरी तार नीट बसवावी लागते. डाख देताना एक्सटीचा जोडीदार समोरून अडकवून ठेवावा, म्हणजे प्लॅस्टिक तापले तरी पिना सरळ राहतात. मात्र या वेळी जोडीदाराला बॅटरी लावलेली नसावी, हे सांगायला नको. जाड तारेला २५ वॅटची इस्तरी अपुरी पडते. ६० वॅटची घ्या आणि काम झटपट उरका. बारीक पिना पक्कडीने दाबून बसवायच्या, ज्याला ‘क्रिम्प’ म्हणतात. त्या पिनेला पंखांच्या दोन जोड्या असतात : पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची आवरणाला. मागची जोडी तारेचा हिसका सोसते, म्हणून ती विसरू नये. दाबून झाल्यावर तार हलकेच ओढून पाहा. सुटायची असेल तर ती तिथेच सुटू द्या, सामन्यात नको. ड्रायव्हरच्या स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला मात्र डाखाचा मुलामा देऊ नका. डाखाचा धातू मऊ. दाबाखाली तो हळूहळू पसरतो आणि घट्ट केलेला स्क्रू चार दिवसांनी सैल होतो.

शेवटची गोष्ट शिस्तीची. मंडळाने एकदा बसून ठरवावे : बॅटरीला एक जात, मोटरला दुसरी, सेन्सरला तिसरी, आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्याला चौथी. मग हे कधी बदलायचे नाही. १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट यांना सारखेच जोड लावले, तर घाईत कोणीतरी एकात दुसरे खुपसणारच. तो मुलगा हुशार असला तरी खुपसील, कारण सामन्याच्या दोन मिनिटे आधी हात चालतात, डोके चालत नाही. जोडांच्या जाती वेगवेगळ्या असल्या, की चुकीचा जोड बसतच नाही, आणि डोके चालले नाही तरी यंत्र वाचते.

वाचकहो, तुमच्या घरात असा यंत्रमानव आकाराला येत असेल, तर मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा : “मोटर जाम झाली तर किती अँपिअर जातील, आणि तुझा जोड किती सोसतो?” हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिलेले असले, तर निर्धास्त राहा. ते नसतील, तर मल्टिमीटर हातात द्या आणि आधी ते काढायला लावा. बॅटरी त्यानंतर जोडावी.