विषाला कूज लावणारी बुरशी

रानात पडलेला ओंडका कुजताना पांढुरका आणि धाग्याधाग्यांचा होतो, ती 'पांढऱ्या कुजी'च्या बुरशीची करामत. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन पुरते फोडणे फार थोड्या जिवांना साधते. त्याची जडणघडण इतकी वेडीवाकडी असते की, एकाच ठरावीक रेणूला ओळखणारी विकरे तिथे हतबल होतात. ही बुरशी मात्र पेशींबाहेर अशी विकरे सोडते, जी फारशी निवड न करता रेणूंतले इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि त्यांना खिळखिळे करतात.

मग ही बुरशी माणसाने बनवलेली चिवट विषेही फोडेल का? १९८५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात स्टीव्हन ऑस्ट आणि सहकाऱ्यांनी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीला डीडीटी, लिंडेन, अगदी डायॉक्सिनही दिले. माग काढता यावा म्हणून त्या रसायनांतला कार्बन किरणोत्सारी ठेवला होता. त्यातला काही कार्बन थेट कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला. नवल म्हणजे, नत्राची टंचाई असताना ही बुरशी असे काम करते. शिवाय विष हे तिचे अन्न नव्हे. तिच्या पोटापाण्यासाठी मातीत लाकडाच्या भुग्यासारखे खाद्य मिसळावे लागते.

प्रयोगशाळेबाहेरची कसोटी विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश येथे झाली. लाकूड टिकवण्यासाठी वापरलेल्या पेंटाक्लोरोफिनॉलने तिथली माती बिघडली होती. याच कुळातल्या दोन बुरशी मिसळल्यावर साडेसहा आठवड्यांत ते ८८ ते ९१ टक्क्यांनी घटले, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. आकडा खरोखर मोठा आहे. पण संशोधकांनीच नोंदवले की, घटलेल्यापैकी थोडा भाग दुसऱ्याच क्लोरीनयुक्त संयुगात बदलला होता आणि बराचसा बहुधा मातीच्या कणांना घट्ट चिकटला होता. विष सापडेनासे होणे आणि विष संपणे यांत फरक आहे. माती शुद्ध केल्याचा दावा करणाऱ्या प्रत्येकाला, उरले काय आणि गेले कुठे, हे विचारायलाच हवे.

शिसे, कॅडमियम, पारा यांच्यापुढे तर ही विकरेही थिटी पडतात, कारण मूलद्रव्य फोडता येत नाही. अळिंबी ते फक्त आपल्यात साठवते. आपल्याकडे पेंढ्यावर पिकणारी धिंगरी अळिंबीही पांढऱ्या कुजीचीच आहे. स्वच्छ पेंढ्यावरची धिंगरी खुशाल खावी, पण दूषित जमिनीवर उगवलेली कोणतीही अळिंबी ताटात येऊ देऊ नका.