रक्तदाबावरील औषधे आणि परिचारिकेचे निरीक्षण

उच्च रक्तदाब हा बहुधा मूक विकार होय. पुष्कळ रुग्णांना त्याची कोणतीच पीडा जाणवत नाही. उलट औषध सुरू झाल्यावर कोणास थकवा येतो, कोणास भोवळ येते, तर कोणाचे पाय सुजतात. रोगाने जे दुःख दिले नाही ते औषधाने दिले, असे रुग्णास वाटू लागते आणि तो आपणहून औषध सोडतो. ही तक्रार प्रथम कानी पडते ती परिचारिकेच्या. म्हणून औषधयोजनेचे यश बऱ्याच अंशी तिच्या निरीक्षणावर अवलंबून असते.

सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याने दाब उतरे. परंतु काही रुग्ण उदास व अबोल होत असल्याचे आढळले. असा पालट दाबमापक यंत्रावर उमटत नाही. तो जवळ वावरणाऱ्यालाच दिसतो.

यंत्रावरील आकडा तरी विश्वसनीय हवा. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य असावेत. रुग्णाने लघवी करून यावे, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मोजणी चालू असता बोलू नये. दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवावा. दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असल्यास दाब वास्तवाहून अधिक दिसतो.

तथापि बसलेल्या रुग्णाचा दाब घेऊन काम संपत नाही. मनुष्य उभा राहताच सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय व उदर यांकडे उतरते. निरोगी शरीरात मज्जासंस्था तत्काळ रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि हृदयाची गती वाढवून हा तोल सावरते. काही औषधांमुळे, तसेच वार्धक्य व मधुमेह यांमुळेही, हे सावरणे मंदावते. म्हणून रुग्णास पाच मिनिटे निजवून दाब घ्यावा आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटास तो पुन्हा मोजावा. वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने अथवा अधिक उतरला, तर ती धोक्याची खूण समजावी व डॉक्टरांस कळवावे. अशा रुग्णाने प्रथम कुशीवर वळावे, मग खाटेच्या कडेस पाय सोडून थोडा वेळ बसावे आणि नंतरच आधार धरून उठावे. रात्री लघवीस उठताना पडून मांडीचे हाड मोडलेल्या वृद्धास, दाब उत्तम उतरला होता, हे समाधान पुरत नाही.

औषधागणिक निरीक्षणाचा विषय बदलतो. मूत्रल औषध शक्यतो सकाळी द्यावे, म्हणजे झोपमोड होत नाही. वजन, लघवीचे प्रमाण व स्नायूंचा अशक्तपणा यांवर लक्ष ठेवावे. अटेनोलॉलसारखे औषध देण्यापूर्वी नाडी मोजावी. ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मर्यादेखाली असल्यास मात्रा थांबवून त्यांना विचारावे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. एनालाप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. ओठ वा जीभ सुजल्यास मात्र क्षणाचाही विलंब प्राणघातक ठरू शकतो. हे औषध घेणाऱ्याने पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ विचारल्याविना वापरू नये. प्राझोसिनची पहिली मात्रा निजताना देण्याची रीत आहे, कारण तिच्यामागून एकाएकी मूर्च्छा येण्याचा संभव असतो.

घरी जाणाऱ्या रुग्णास, बरे वाटते म्हणून औषध सोडू नये, हे कारणासह सांगावे. क्लोनिडिन एकदम थांबविल्यास दाब उसळून वर जातो. अटेनोलॉल अकस्मात सोडल्यास हृदयविकाराच्या रुग्णास छातीत कळा येऊ शकतात. चुकलेल्या गोळीची भरपाई दोन गोळ्या एकदम घेऊन करू नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दाब वाढवितात. मीठ दिवसास पाच ग्रॅमहून कमी असावे, आणि त्या हिशेबात लोणचे व पापड यांतील मीठही धरावे.

या सूचना रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्याव्यात. ज्याला आपल्या त्रासाविषयी निःसंकोच बोलता आले, त्याचे औषध बदलता येते. जो मुकाट्याने गोळी टाकून देतो, त्याचा मूक विकार मात्र आत वाढतच राहतो.