डोक्याला बसलेला मुका मार

भिलाईच्या वैशाली नगरात संध्याकाळी फेरफटका मारला, तर जिथे थोडी मोकळी जागा आहे तिथे मुलांचा खेळ रंगलेला दिसतो. पोलादाच्या कारखान्यामुळे नाना प्रांतांची माणसे या गावी येऊन स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. समजा, अशाच एका मैदानावर चेंडूमागे धावणारी दोन मुले एकमेकांवर आदळली. त्यांपैकी १४-१५ वर्षांचा एक मुलगा उठतो, कपडे झटकतो आणि ‘काही लागले नाही’ म्हणत घरी येतो. रक्त नाही, खोक नाही. परंतु रात्री त्याचे डोके ठणकू लागते, दिव्याचा उजेड सोसवत नाही, आणि साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासही त्याला वेळ लागतो. अशा वेळी आईबापांनी काय करावे?

वरून जखम न दिसता आत दुखत राहणाऱ्या माराला आपण मुका मार म्हणतो. मेंदूलाही असा मुका मार बसतो. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. धक्क्याने मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. त्याच्या पेशींतील क्षारांचा समतोल ढळतो आणि तो सावरण्यासाठी अधिक शक्ती लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हा बिघाड रचनेपेक्षा कार्याचा असल्यामुळे साध्या तपासणीत मेंदूचे चित्र बहुधा निर्दोष दिसते. शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. १४ जानेवारी २०२० रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऋषभ पंतच्या बॅटची कड घेऊन चेंडू त्याच्या शिरस्त्राणावर आदळला. शिरस्त्राण असूनही त्याला कन्कशन झाले. त्या दिवशी यष्टीरक्षण के. एल. राहुलने केले, आणि राजकोटच्या पुढील सामन्यात पंत खेळला नाही. शिरस्त्राण कवटी वाचवते. आतला हिंदकळा ते पुरता थांबवू शकत नाही.

प्रथम सावधगिरीचे. पुन्हा पुन्हा उलटी होणे, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, हातपाय लुळे पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तिथे कन्कशनचा नव्हे, तर मेंदूतील रक्तस्रावाचा प्रश्न असू शकतो.

हे भय नसेल, तर पुढे काय? पुष्कळ वर्षे उत्तर एकच होते: अंधारी खोली आणि संपूर्ण विश्रांती. हा सल्ला मायेचा होता, पण तो अपुरा ठरला. अमेरिकेतील मिलवॉकी येथील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना ५ दिवसांची कडक विश्रांती दिली, तर इतरांना एक-दोन दिवसांनंतर हळूहळू नेहमीच्या व्यवहाराकडे वळू दिले. कडक विश्रांती घेतलेल्यांनीच अधिक तक्रारी सांगितल्या. शाळा नाही, सोबती नाहीत, हालचाल नाही. अशा कोंडलेल्या मुलाचे लक्ष दिवसभर आपल्या डोक्याकडेच लागते, यात नवल ते काय?

परंतु हालचाल करावी, तर किती? बफेलो विद्यापीठातील जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी त्याचे माप शोधले. मुलाला ट्रेडमिलवर, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या पट्ट्यावर, चालावयास लावतात. वेग तोच ठेवून दर मिनिटाला पट्ट्याचा चढ थोडा वाढवतात. मध्ये मध्ये नाडी मोजतात आणि विचारतात, ‘त्रास शून्य ते दहांत किती?’ त्रास ठरावीक प्रमाणात वाढला की चाचणी थांबते. त्या क्षणीची नाडी ही त्या मुलाच्या मेंदूने दाखवलेली मर्यादा होय. समजा ती मिनिटाला १४० ठोके आली; तर तिच्या ८० टक्के, म्हणजे ११२ ठोक्यांच्या आत, रोज २० मिनिटे चालणे किंवा सायकल चालवणे त्यास सांगतात. काही दिवसांनी मर्यादा पुन्हा तपासून व्यायाम वाढवतात.

याचा पडताळा १३ ते १८ वर्षांच्या १०३ खेळाडू मुलामुलींवर घेतला गेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. असा व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मी मुले १३ दिवसांत बरी झाली. केवळ अंग ताणण्याचे सौम्य व्यायाम करणाऱ्यांना त्यासाठी १७ दिवस लागले. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात हेच आकडे १४ आणि १९ असे आले. फरक चार-पाच दिवसांचाच. पण परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला विचारा, म्हणजे त्याचे मोल कळेल.

ट्रेडमिल सर्वत्र नसते. तरी तत्त्व साधे आहे. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती घ्यावी. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने सपाट रस्त्यावर चालावे. त्रास दहांत दोनपेक्षा जास्त वाढू नये आणि तासाभरात ओसरावा. तसे न झाल्यास त्या दिवशी थांबावे व दुसऱ्या दिवशी वेग कमी करावा.

मात्र चालणे वेगळे आणि कबड्डीच्या चढाईला जाणे वेगळे. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा फटका अधिक घातक ठरतो. क्वचित तो जिवावरही बेततो. म्हणून डोक्याला मार बसताच खेळ त्याच क्षणी थांबावा. पुढे आधी शाळा, मग एकट्याचा सराव, आणि लक्षणे पूर्ण नाहीशी होऊन डॉक्टरांनी अनुमती दिल्यावरच झटापटीचा खेळ, हा क्रम मोडू नये.

‘काही लागले नाही’ हे मुलाचे शब्द खोटे नसतात. त्याला संघातील जागा गमवावयाची नसते, एवढेच. मुका मार स्वतःहून बोलत नाही. त्याला बोलते करणे, म्हणजे मुलाला निर्भयपणे ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणू देणे, हे आईबापांचे, शिक्षकांचे आणि मैदानावरच्या सोबत्यांचे काम आहे.