उंबरठ्याची पूजा आणि दाराचा रंग

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचे तोरण बांधताना आपली दृष्टी प्रथम गणपतीकडे, म्हणजे गणेशपट्टीकडे जाते. आणि मग, किंचित संकोचाने, तिच्याखालच्या चौकटीच्या उडालेल्या रंगाकडे. ज्या दारातून लक्ष्मीने पाऊल टाकावे अशी आपण प्रार्थना करतो, ते दार सतेज असावे ही केवळ हौस नव्हे. उंबरठ्याला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या संस्कृतीत दाराची निगा हीदेखील एक सेवाच होय.

कळंबसारख्या गावी या सेवेला काळवेळ पाहावी लागते. नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवरील, कर्जत तालुक्यातील या परिसरात जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पर्जन्यराजाचा मुक्काम असतो. गणराय येतात ते भाद्रपदात, ऐन ओलीच्या दिवसांत. गणपतीपूर्वी दार रंगलेच पाहिजे, हा हट्ट आम्हीही एके वर्षी धरला. श्रावणात दोन दिवसांची उघडीप मिळताच हात मारला. उत्सव थाटात झाला. परंतु दिवाळीच्या सुमारास ऊन तापले आणि दारावर फोड उठून पापुद्रे गळू लागले. पावसाळ्यात लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते. त्यावर तेलरंगाचा थर चढला की ओल आत कोंडते आणि ऊन लागताच बाहेर पडण्यासाठी थरच उचलते. दोष रंगाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

म्हणून आमचे सांगणे असे की, काम उन्हाळ्यात उरकावे. ते न साधल्यास पाऊस सरल्यावर, लाकूड चांगले सुकले असेल तर, दसरा ते वसुबारस हे सुमारे १७ दिवस साधावेत. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत रंधा-पटाशीशेजारी कुंचलाही ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी कामास आरंभ करावा.

प्रथम लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत वाळवी किंवा कुज असण्याचा संभव असतो. तेथे रंग नव्हे, सुतार हवा. चौकटीच्या पायाशी व उंबरठ्याच्या टोकांशी विशेष लक्ष द्यावे, कारण लाकडाचा आडवा काप सर्वाधिक पाणी शोषतो. कडी-कोयंडे काढून ठेवावेत. तेलकट धूर व कुंकवाचे डाग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. नंतर पॉलिशपेपर नेहमी रेषांच्या दिशेने फिरवावा. आडवा फिरविल्यास ओरखडे रंगाखालूनही दिसतात. उघड्या सागावर स्वाभाविक तेलकटपणा असतो, तो टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. मग प्रायमरचे अस्तर, त्यावर भेगांत लांबी, पुन्हा हलके घासणे आणि शेवटी रंगाचे दोन पातळ हात. दोन हातांत एक अहोरात्र जाऊ द्यावे. दाराची वरची व खालची कड विसरू नये. ओल तेथूनच शिरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या घरांच्या दारांवर दोन-तीन पिढ्यांचे रंग एकावर एक बसलेले असतात आणि जुन्या तेलरंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाविषयी सावधच राहावे. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ फराळाच्या परातीत, पाळण्यात, रांगत्या बाळाच्या हातात जाते; आणि शिसे बालकांच्या मेंदूस कायमची इजा करते. जुना थर घट्ट असेल तर तो खरवडू नये; पाण्याचा पॉलिशपेपर वापरून ओलाच हलका घासावा व त्यावर नवा रंग द्यावा. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढू नये. मुले व गर्भवती स्त्रिया यांस दूर ठेवावे, धूळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी आणि धुळीसाठीचा मुखपट्टा बांधावा. थर सर्वत्र सुटत असेल तर हे काम जाणत्या कारागिरावर सोपवावे.

देव्हाऱ्याला रंगापेक्षा पॉलिश शोभते, कारण लाकडाच्या रेषा दिसत राहतात. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून फडक्याने पातळ पुटे द्यावीत. मात्र स्पिरिट व टर्पेंटाइन यांची वाफ पेट घेते. देव अगोदर पाटावर, दुसऱ्या खोलीत हलवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत देव्हाऱ्यात समई लावू नये. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून अथवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

आणि उंबरठा? त्यावर तेलरंग न देता तो जवसाच्या तेलाने पुसावा, असे आम्हास वाटते. रोजच्या पावलांनी रंग झिजतोच. तेल मात्र मुरते. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी त्यावर हळदकुंकू वाहाल, तेव्हा दाराला रंगाचा वास नसेल, घरात धूळ नसेल आणि पणतीच्या उजेडात गणेशपट्टीवरील विघ्नहर्ता प्रसन्न दिसेल. निगुतीने केलेल्या या सेवेचे याहून अधिक फळ ते कोणते?