पन्नाशीची नॉर्मा, साठीची मेम

जून २०२५ मध्ये निकोल शेरझिंगरनं 'सन्सेट बुलेव्हार्ड' या संगीतिकेसाठी टोनी पारितोषिक पटकावलं आणि जुनी चर्चा पुन्हा पेटली: या संगीतिकेचा सिनेमा कधी होणार आणि त्यात तिची नायिका, मूकपटांची विस्मृतीत गेलेली तारका नॉर्मा डेझमंड, कोण होणार? वर्षानुवर्षं एकच नाव घेतलं जातं, ग्लेन क्लोज. याच भूमिकेसाठी तिला १९९५ मध्ये टोनी मिळालं, २०१७ मध्ये ती ब्रॉडवेवर पुन्हा नॉर्मा झाली. २०२५ मध्ये ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती.

बिली वायल्डरच्या १९५०च्या मूळ चित्रपटात जगानं अडगळीत टाकलेली ही बाई जेमतेम पन्नाशीची आहे. ती साकारणाऱ्या ग्लोरिया स्वान्सनचंही वय तेव्हा तेवढंच. तिला मेकअपनं आणखी थकलेली दाखवायचं घाटत होतं, तेव्हा तिनं म्हणे सुनावलं, की स्वतःची निगा राखणारी पैसेवाली बाई पन्नाशीत अशी दिसत नाही. त्यापेक्षा नायक विल्यम होल्डनला तरुण करा!

अशा वेळी निर्मात्यांना खरी धास्ती असते ती 'मेम' या संगीतिकेच्या सिनेमाची. अँजेला लॅन्सबरीनं १९६६ मध्ये टोनी जिंकून रंगमंचावर गाजवलेली मेमची भूमिका सिनेमात ल्युसिल बॉलकडे गेली. कारण ती घराघरांत ओळखीची होती. स्कीइंग करताना तिचा पाय मोडला, चित्रीकरण लांबलं, आणि १९७४ मध्ये सिनेमा आला तेव्हा बाई बासष्टच्या. तिचे क्लोजअप इतके धूसर टिपले, की समीक्षकांनी त्या धुक्यावरच तोंडसुख घेतलं. माझ्या मते वयानं नव्हे, त्या लपवाछपवीनं सिनेमा बुडाला. शिवाय गळा! तो काही ल्युसिलकडे नव्हता.

गळ्याचा प्रश्न आपल्याकडे पार्श्वगायनानं केव्हाच सुटला. 'कट्यार काळजात घुसली'च्या सिनेमात अठ्ठावन्न वर्षांचे सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले आणि गायले राहुल देशपांडे; कुणाला खटकलं नाही. ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला मात्र नटीचा स्वतःचाच आवाज हवा असतो. 'सन्सेट बुलेव्हार्ड'साठी लॉस एंजेलिसमध्ये क्लोजच्या जागी घेतलेल्या फे डनवेचं गाणं निर्मात्यांना पसंत पडलं नाही, म्हणून १९९४ मध्ये तिथला प्रयोगच गुंडाळला गेला.

क्लोजची अडचण गळ्याची नाही, गणिताची आहे. कथा १९४९-५०च्या सुमाराची. तेव्हा अठ्ठ्याहत्तरची असलेली नॉर्मा मूकपटांच्या ऐन भरात पन्नाशीला टेकलेली असणार; ती त्या पडद्याची तरुण सम्राज्ञी कशी? मग काळच बदलावा लागेल. शेरझिंगरला टोनी मिळवून देणाऱ्या, जेमी लॉइडनं दिग्दर्शित केलेल्या प्रयोगात जुन्या हॉलिवूडचा थाट नव्हताच. आजचे कपडे, रंगमंचावर फिरणारा कॅमेरा आणि भल्यामोठ्या पडद्यावर शेरझिंगरचा चेहरा, रोमारोमासकट. धुकं वगैरे काही नाही.

तशा सिनेमात क्लोज नक्की शोभेल. पण त्या वाटेनं जायचं ठरलं, तर निर्माते आधी शेरझिंगरलाच फोन लावतील, अशी मला दाट शंका आहे.