गोष्टीतली माणसे कशी ओळखावी?



चौथीच्या वर्गात आम्ही ‘श्यामची आई’ वाचायला घेतले आणि विचारले, "श्याम कसा आहे?" उत्तर आले, "चांगला." "आणि आई?" "चांगली." पुढे गाडी अडली. आपल्या इंदूरच्या मुलांचे गल्लीतले बोलणे हिंदीत. त्यामुळे हट्टी, भिडस्त, कनवाळू, उतावळा असे स्वभाव सांगणारे मराठी शब्द त्यांच्या कानांवर कमीच पडतात.

म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरवले. हे पात्र काय करते? काय बोलते? आणि तसे का करते?

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातले दोन प्रसंग पाहू. श्याम पोहायला घाबरतो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला पाठवते. एवढे ऐकून एक मुलगा म्हणाला, "आई दुष्ट आहे." मारणे बरोबर नव्हे, हे आम्हालाही मान्य. पण आईचा स्वभाव तेवढ्यावरून कळतो का?

मग दुसरा प्रसंग वाचला. आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. तीच आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरते आणि मनही असेच स्वच्छ ठेवायला सांगते. वर्ग विचारात पडला. ती का रागावली? मुलगा भित्रा राहू नये म्हणून. हट्ट का पुरवला? मायेपोटी. शेवटी एका मुलीला शब्द सापडले, "कडक, पण मायाळू."

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘घाबरला’ ही त्या वेळची भावना, ‘भित्रा’ हा स्वभाव. श्याम घाबरला खरा, पण पुढे पोहायला शिकला. मग त्याला भित्रा म्हणावे का?

पालकांना एक विनंती. रात्री मुलांकडून मराठीत एक गोष्ट वाचून घ्या. मूल म्हणाले, "कोल्हा लबाड आहे," तर विचारा, "कशावरून?" उत्तर गोष्टीतूनच शोधू द्या. आणि घरात "हा आळशीच", "ही रडूबाईच" असा शिक्का मारण्यापूर्वी हाच प्रश्न आपण मोठ्यांनीही स्वतःला विचारू या. एका प्रसंगावरून श्यामची आई कळली नाही, मग आपली मुले तरी कशी कळतील?