प्रवाळाच्या गोठवलेल्या अळ्या आणि सोन्याचे कण

बहुतेक प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात, आणि फलनानंतर तयार होणारी प्लॅन्युला, म्हणजे सूक्ष्म केसांच्या साहाय्याने पोहणारी अळी, तळाशी घट्ट चिकटून नवे आयुष्य सुरू करते. त्यामुळे प्रवाळ जपण्यासाठी या पेशी किंवा अळ्या गोठवून साठवण्याचे प्रयत्न होतात. शुक्राणू गोठवणे तुलनेने सोपे असले, तरी ते वापरताना अंडीही हाती असावी लागतात. अळी साठवता आली, तर ती अट उरत नाही. अडचण अशी की, ही अळी स्निग्धांशाने भरलेली व थंडीला फार हळवी असते.

जोनाथन डेली, स्मिथसोनियन संस्थेच्या मेरी हेगडॉर्न व सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हवाईतील अळंबीच्या आकाराच्या प्रवाळाच्या अळ्या, गोठण्यापासून संरक्षण देणाऱ्या द्रावणाच्या इवल्याशा थेंबात ठेवून, उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवण्यात आल्या. थंड होण्याचा वेग इतका असतो की पाण्याचे स्फटिक न होता ते काचेसारखे थिजते. या क्रियेस काचीभवन म्हणतात. खरी कसोटी मात्र पुढे, कारण तापमान वाढताना जरा उशीर झाला तरी स्फटिक तयार होऊन पेशी फाटतात. यावर योजलेला उपाय मोठा देखणा आहे: थेंबात आधीच मिसळलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण लेझरचा झोत शोषून उष्णता सर्वत्र पसरवतात, आणि तापमान मिनिटाला सुमारे ४५ लाख अंश या वेगाने चढते. अशा रीतीने तापवलेल्या अळ्या पुन्हा पोहू लागल्या. अर्थात, एकेका थेंबावर चालणारे हे काम आख्ख्या प्रवाळभित्तीच्या मानाने अजून फारच तोकडे आहे.